आता थांब म्हणायचं कुणी

२ मार्च, रविवार

ऋतू क्लासात परत झोपली. सरांचा फोन थेट दुकानात आला. "तुमची मुलगी पहिल्या बाकावर बसून घोरते हो. मागची पोरं फळा सोडून तिच्याकडंच बघतात." मी एका बुलेटच्या सीटला कव्हर ओढत होतो, ते हातातनं सुटलं. बघतो म्हटलं.

घरी आल्यावर सुनीतानं धरलंच मला. "पहाटे साडेचारला उठवताय, थंडाई पाजताय, वर तुपाची वाटी. पोरगी काय खासबागेच्या आखाड्यात उतरायचीय काय?" मी म्हटलं, बुद्धीला बदाम लागतात. ती म्हणली, "मग तुम्हीच खावा की. गरज कुणाला हाय ते दिसतंयच."

पोरीचं मेडिकलच्या परीक्षेचं हे दुसरं वर्ष. गेल्या साली थोडक्यात हुकलं. यंदा कॉलेज न्हाय, काय न्हाय, नुसता राजारामपुरीतला क्लास आणि घर. तयारी मी अंगावर घेतलीय. मला तिच्या पुस्तकातलं काय कळत न्हाय, पर तयारी कशी करायची ते तालमीत शिकलोय, आणि तयारी सगळीकडं एकच असती.

खा. – थंडाई (ऋतूनं टाकलेली), भाकरी, वांगं. प. – सुनीताकडनं.

५ मार्च, बुधवार

बदाम निम्मे केले. तूप बंद. सुनीता जिंकली, पर तोंडावर दाखवलं न्हाय एवढं बरं.

ऋतूनं आज ही वही बघितली. म्हणली, "पप्पा, हे खा. आणि प. काय हाय?" सांगितलं. तालमीत आमच्या वस्तादांचा नियम होता, दिवस मावळला की प्रत्येकानं दोन गोष्टी लिहायच्या. काय खाल्लं आणि कुणाकडनं पडलो. जिंकलेलं लिहायचं न्हाय, ते गाव लिहितंय म्हणायचे. तालीम सुटली, कुस्ती सुटली, ही एक सवय तेवढी राहिली. ऋतू म्हणली, "तुम्ही आता कुणाकडनं पडताय?" मी म्हटलं, बघ की वहीत, सगळीकडं तुझ्या आईचं नाव हाय.

हसली. लई दिवसांनी हसली.

८ मार्च, शनिवार

आज थंडाई वाटताना तालमीतला दगडी खल आठवला. पाळीपाळीनं वाटायचो. शाहूवाडीसनं मी कोल्हापुरात तालमीत आलो तवा मिसरूडबी फुटलं नव्हतं. पहिल्या दिवशी वस्तादांनी माझी मान दाबून बघितली, बैल घेताना बघत्यात तशी, आणि म्हणले, ऱ्हा. एवढीच मुलाखत.

चार वाजता त्यांची काठी दगडावर आपटायची. गजर कुणाकडंच नव्हता. माती भिजवायची, खणायची. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबं. तो वास अजून कुठनं तरी आला की दिवस चांगला जाणार असं वाटतंय. हिवाळ्यात माती गार असायची आणि अंगातनं वाफा निघायच्या. पाठीला माती लागली की उठायचं, झटकायची न्हाय, परत धरायचं. तसं आता काय न्हाय माझ्या आयुष्यात. सीट कव्हरं हायत, रेक्झिन हाय, फोम हाय. वाईट न्हाय. पर तसं न्हाय.

खा. – काय आठवंना.

९ मार्च, रविवार

क्लासात पालक मेळावा. सर कोट घालून आलते. पडद्यावर यशाच्या सवयी दाखवल्या. सकाळी उठल्या उठल्या अंथरूण घडी करा. मोबाईलवर सवयींचं ॲप घ्या. पांढऱ्या कोटातला डॉक्टर झोपायच्या जागी भिंतीला चिकटवा आणि त्याच्या तोंडाच्या जागी स्वतःचा फोटो लावा. शेवटी सगळ्यांना उभं करून म्हणवून घेतलं, "मैदान सोडलं तरच हार." परत. परत. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. शेजारच्या बाई दचकल्या.

येताना ऋतू गाडीवर मागनं म्हणली, "पप्पा, एवढं काय ओरडायचं." मी म्हटलं, खरं हाय ते. वाटेत सिग्नलला म्हणली, "तुम्ही सोडलंच की मैदान."

मी म्हटलं, ते येगळं.

१६ मार्च, रविवार

तालमीत प्रत्येकाला जोड असायची. रोज त्याच्याशीच धरायचं, त्याला आपलं सगळं ठाऊक, आपल्याला त्याचं. ऋतूला जोड न्हाय. तिच्या मैत्रिणी कॉलेजात गेल्या, त्यांचे फोटो हिच्या फोनवर येत्यात, ही बघून फोन उपडा ठेवती. मग मीच जोड झालो. पहाटे गॅलरीत बसतो, जीवशास्त्राचं पुस्तक माझ्या मांडीवर. मी विचारायचं, तिनं सांगायचं. इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसत न्हाईत. आज एक शब्द मी इतका वाकडा म्हणलो की ती पोट धरून हसली आणि उत्तर विसरली. मी म्हटलं, चीतपट. ती म्हणली, "हे चीटिंग हाय."

तिला शिकवायला आवडतंय. हृदयाचे कप्पे मला एवढे नीट सांगितले की दुकानात गिऱ्हाईकाला मीच सांगत बसलो. त्याला स्प्लेंडरचं कव्हर पाहिजे होतं.

प. – ऋतूकडनं, बिनशर्त.

२५ मार्च, मंगळवार

सुनीता आज भाकरी थापता थापता थांबली. म्हणली, "ती आंघोळीला गेली की नळ लई वेळ सोडती. माहीत हाय काय तुम्हाला?" मी म्हटलं, पाणी वाया जातंय व्हय, सांगतो. ती माझ्याकडं बघतच बसली. म्हणली, "रडती ती आत. आवाज येऊ न्हाय म्हणून नळ."

माझं डोकंच फिरलं. मग म्हटलं, कुस्तीच्या आधी आम्हालाबी व्हायचं. पोटात गोळा, हातपाय गार. जोर काढले की जायचं. सुनीता परत भाकरी थापायला लागली. तव्याकडं बघत म्हणली, "तुम्हाला कुस्ती आवडायची."

प. – सुनीताकडनं. आज हसण्यासारखं न्हाय.

६ एप्रिल, रविवार

आज पुस्तक काढलंच न्हाय. ऋतूला उठवलं, गाडीवर घातलं आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. लहानपणी आणायचो, मधी बंदच पडलं. म्हशी उभ्या होत्या, समोर धार काढून पेला हातात. फेसाची मिशी आली तिला. एक म्हातारा पैलवान कुस्तीत मोडलेल्या कानांच्या गाठी घेऊन कोपऱ्यात उभा होता, त्यानं मला हात केला. ओळख न्हाय पाळख न्हाय, पर कान बघून ओळख पटती आमच्यात.

तिथं कट्ट्यावर बसून तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही कुस्ती का सोडली? नीट सांगा. मम्मीला सांगताय तसं न्हाय."

सगळ्यांना एकच सांगतो मी, तेच सांगितलं. एकदा सराव झाल्यावर वस्तादांनी बाजूला बोलावलं. म्हणले, "सर्जा, तू चांगला पैलवान हाईस. मोठा व्हणार न्हाईस. घरी जा, कामाला लाग." बास. तालमीपासनं स्टँडपर्यंत रडत गेलो. दोन-तीन वर्षं मनात त्यांना शिव्या घातल्या. मग मामाच्या दुकानात शिवण शिकलो, लग्न झालं, ही झाली, तवा कळलं की त्या माणसानं माझ्यावर उपकार केलेत. न्हाय तर त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यागत गुडघे घालवून बसलो असतो. खरं तोंडावर सांगणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

ऋतू पेल्यात बघत ऐकत होती. म्हणली, "बरं झालं तुम्हाला मिळाला." आणि पेला परत द्यायला उठली.

४ मे, रविवार

परीक्षा. सेंटरबाहेर उन्हात आईबापांचा बाजार. एका बापानं झाडाखाली चटई टाकून जपमाळ धरलीवती. मी उभाच राहिलो, बसलो तर तिला गेटातनं दिसणार न्हाय म्हणून.

बाहेर आली. कसं गेलं?

"गेलं."

उसाचा रस पाजला. निम्मा मला दिला.

१४ जून, शनिवार

निकाल. गेल्या सालापेक्षा मार्क थोडे वाढले. मिळण्याइतके न्हाईत. सरकारी कॉलेज तर न्हाईच, आणि खाजगी आपल्या आवाक्यातलं न्हाय.

ऋतू रडली न्हाय. मोबाईल टेबलावर ठेवला आणि आत जाऊन, मेळाव्यानंतर भिंतीवर लावलेला तो पांढऱ्या कोटाचा कागद काढून ठेवला. फाडला न्हाय, घडी केली. सुनीतानं शिरा करायला घेतला होता, तो तसाच पुरा केला. तिघांनी खाल्ला. गोड जास्त झालता.

१५ जून, रविवार

सरांचा फोन. एक तारखेपासनं तिसऱ्यांदा देणाऱ्यांची वेगळी बॅच चालू होतीय. "तिच्यात क्षमता आहे हो, एक वर्ष दात-ओठ खाऊन काढलं की झालं. तुम्ही पैलवान माणूस, तुम्हाला काय सांगायचं." मला बरं वाटलं ऐकून. छाती फुगली म्हणा की.

दुपारी एकजण ॲक्टिव्हाचं कव्हर बसवायला आला, त्याचाबी पोरगा त्याच क्लासात. त्यालाबी फोन आलता. क्षमता आहे, दात-ओठ, सगळं तेच. फक्त तो पैलवान न्हाय, तर त्याला म्हणले, "तुम्ही शेतकरी माणूस."

१७ जून, मंगळवार

ऋतू दुकानात आली, माझा डबा घेऊन. बसली फोमच्या गठ्ठ्यावर. मी डबा उघडला. मग म्हणली,

"पप्पा, तुम्हाला वस्तादांनी सांगितलं. मला कोण सांगणार?"

मी म्हटलं, काय?

"थांब म्हणून. किंवा आणखी एकदा दे म्हणून. क्लासचे सर थांब म्हणणार न्हाईत, त्यांना बॅच भरायची हाय. मम्मीला विचारलं तर रडती. मला स्वतःला काय कळत न्हाय, मी इतका दमलोय की मला खरं काय आणि दमल्यामुळं वाटतंय ते काय, कळतच न्हाय. वर्षभर पहाटे तुम्ही बघितलंय मला. तुम्ही माझे वस्ताद हाय न्हवं? तुम्ही म्हणाल ते करतो. तोंडावर सांगा, मी रडणार न्हाय."

घास तसाच तोंडात. कसाबसा म्हणलो, विचार करून सांगतो.

"एक तारखेच्या आत," म्हणली. "कॉलेजात बी.एस्सी.चे प्रवेशपण एक तारखेलाच चालू होत्यात."

ती गेल्यावर शटर निम्मं ओढून बसलो. माझ्या वस्तादांना एका वाक्यात जमलं होतं.

१९ जून, गुरुवार

दोन दिवस काय सुचंना. थांब म्हणावं, आणि पुढच्या साली झाली असती तर? जन्मभर माझ्याकडं बघताना तिला तेच दिसणार. दे म्हणावं, आणि परत तो नळ. पोरीचं आणखी एक वर्ष भिंतीकडं बघण्यात जाणार.

पुस्तकातलं मला कळत न्हाय. वस्तादांना निदान कुस्ती कळत होती. मला काय कळतंय? पहाटेचं तिचं तोंड कळतंय. कधी कधी डोळ्यात एकदम चमक यायची, आणि लगीच कुणी तरी दिवा मालवल्यागत जायची. त्यावरनं काय ठरवणार माणूस.

आज स्प्लेंडरला ॲक्टिव्हाचं कव्हर शिवून ठेवलं. कारागीर हसला. लई बोललो त्याला, उगंच.

२२ जून, रविवार

वस्तादांना भेटून आलो. किती वर्षांनी. राधानगरीच्या अलीकडं गाव, थोरल्या पोराकडं असत्यात. पावसानं रस्ता धुतलाय, दोन्ही बाजूला रोप लावण चाललीवती, इरली घेऊन बाया वाकलेल्या. मला वाटलं तसंच मागं जातोय मी, चिखलातनं सरळ त्या तालमीत.

चुलीपुढं बसलेले. खांदे गेलेत, हाडं राहिलीत, मान तेवढी हाय. मी पाया पडलो तर नाव विचारलं न्हाय, माझी मान धरली आणि म्हणले, "शाहूवाडीचा सर्जा. खाल्लास काय?" माझ्या डोळ्यात पाणीच आलं. सुनेनं तांदळाची भाकरी आणि नदीच्या माशाचं कालवण वाढलं. जुन्या पोरांच्या गोष्टी निघाल्या. कोण वर गेलं, कुणाचा मुलगा आता कुठल्या आखाड्यात. मला वाटलं, उठूच न्हाय हितनं.

मग विचारलं. ऋतूचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, वस्ताद, तुम्ही मला ज्या दिवशी सांगितलं घरी जा, तुम्हाला कसं कळलं? काय बघून सांगितलं?

ते चुलीत लाकूड सारत होते. म्हणले, "कशाचं कळतंय. तसं मी बऱ्याच पोरांस्नी म्हणायचो."

मी म्हटलं, म्हंजे?

"म्हणायचो, घरी जा, तू मोठा व्हत न्हाईस. ज्याला राग यायचा तो चार दिसानं परत यायचा, दारात हुबा ऱ्हायाचा, म्हणायचा दावतो तुमास्नी. त्येला धरून ठिवायचो. मग त्येच्यावर जीव टाकायचो. न्हाय आला त्यो न्हाय आला. त्येला जायाचंच असतंय, आपुन कशाला आडवायचं."

पुढं म्हणले, "तुझा लंगोट दोरीवर हुता. आठ-धा दिस कुणाला काढू दिला न्हाय. येतंय, येतंय म्हनून."

म्हटलं, आलो असतो तर मोठा झालो असतो काय?

"ते मला काय ठावं रं. मी काय देव हाय व्हय. ते मातीतच कळतंय."

२३ जून, सोमवार

राग. दुसरं काय न्हाय आज. माणसानं आपलं अख्खं आयुष्य एका वाक्यावर उभं करावं आणि त्या वाक्याच्या मालकानं म्हणावं, तसं मी बऱ्याच जणांना म्हणायचो. पोरीला सांगितलं, सासऱ्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. खरं बोलणारा माणूस. उपकार.

सुनीताला सांगितलं. ती म्हणली, "म्हणजे एवढी वर्षं सांगत होता ते खोटं?" मी म्हटलं, खोटं न्हाय. अर्धं.

तिनं चहा दिला. थोड्या वेळानं म्हणली, "लंगोट ठेवलावता व्हय हो त्यांनी दोरीवर." आणि पदरानं डोळे पुसले. मला राग आलेला, आणि ही त्यांच्या बाजूनं रडतीय.

२५ जून, बुधवार

राग निवला की माणसाला खरं आठवतंय. आज दुकानात मशीनवर बसल्या बसल्या ती एसटी आठवली. कोल्हापूर सुटेपर्यंत रडलो, हे खरं. मलकापूरच्या अलीकडं झोप लागली, हेपण खरं. घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ऊन तोंडावर आलं तवा जाग आली. काठी वाजली न्हाय. आईनं चुलीवर पाणी तापवून ठेवलंवतं. पडून राहिलो आणि माझ्या अंगातनं काय तरी सुटत गेलं, खांद्यातनं, मांड्यांतनं. इतकं बरं वाटलं मला.

हे मी कधीच कुणाला सांगितलं न्हाय. सांगायचं तर रडलेलं सांगायचं, त्यात मान असतो. बरं वाटलं हे कसं सांगणार? पैलवान माणूस.

तालमीची आठवण आली की अजून गलबलून येतंय. तरी तिथं परत जावं असं त्या दिवसात एकदाबी वाटलं न्हाय. दोन्ही कसं काय, ते मला सांगता येत न्हाय.

२८ जून, शनिवार

ऋतू डबा घेऊन आली. सगळं सांगितलं. चूल, काठी, लंगोट. वस्ताद वाट बघत होते ते. ती फोमचे बारके तुकडे करत ऐकत होती.

"मग तुम्ही परत का न्हाय गेला?"

म्हटलं, बरं वाटलं होतं मला, ऋतू. घरी झोप लागली.

"रडला होता की."

तेपण खरं.

"दोन्ही एकदम?"

व्हय. दोन्ही एकदम.

आणखी एक तुकडा तोडला. मग म्हणली, "मला पण निकालाच्या दिवशी..." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. नेमकं. त्याला घालवून वळलो तर ती तुकडे गोळा करत होती. मी म्हटलं, काय म्हणत होतीस? "काय न्हाय."

मग मी माझं म्हणून टाकलं. म्हटलं, बघ, वस्तादांनाच काय कळत नव्हतं, तर मी कोण तुला सांगणार? तूच ठरव. तू ठरवशील ते आम्हाला मान्य.

मला वाटलं, मोकळी होईल. ती उठली. डबा पिशवीत टाकला. म्हणली, "वा. म्हणजे तुम्ही पण सुटला." आणि गेली. गाडी चालू करताना पायानं किक मारली, सेल्फ असून.

प. – लिहायला नको.

२९ जून, रविवार

सुटला म्हणली. बरोबर हाय तिचं. आम्हाला मान्य म्हणजे काय? पोरीनं ओझं दोन हातानं पुढं केलं, आणि मी हात मागं घेतले आणि वर म्हटलं, बघ किती मोकळीक दिली तुला. क्लासच्या सरांनी निदान काय तरी म्हणलं. ते चूक असंल, पर म्हणले.

वस्तादांना राग यावा असं बोलायचं धाडस होतं. पोरगं जन्मभर शिव्या घालंल, घालू दे. मला तेवढंपण न्हाय. माझ्यावर पोरगी रुसली की मला भाकरी जात न्हाय.

पर त्यांचं एक चुकलं, असं मला आज वाटतंय. दोरीवर लंगोट ठेवला, आणि मला सांगितलं न्हाय.

३० जून, सोमवार

सांगितलं. दुपारी जेवायला घरी आलो, सुनीतालापण बसवलं.

म्हटलं, ऋतू, माझं मत सांगतो. थांब.

ती बघत राहिली. मी थांबलो न्हाय, थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. म्हटलं, तू हुशार हाईस. वर्षभर तू एक दिवस आळस केला न्हाईस, ते मी बघितलंय. पर तो नळ मला ऐकवत न्हाय. तुला शिकवायला आवडतंय, समजावून सांगायला आवडतंय, ते मी पहाटे बघितलंय. परीक्षा आवडती का, ते मला एकदापण दिसलं न्हाय. म्हणून थांब. हे माझं चुकीचं असंल. चुकलं तर माझ्या डोक्यावर, तुझ्या न्हाय. आणि आता दुसरं ऐक, जे मला कुणी सांगितलं न्हाय. तुला राग आला, आणि वाटलं की बापाला दाखवतो, तर दाखव. उद्या दाखव, नाय तर पुढच्या महिन्यात. मी वाट बघणार हाय. पहाटे पुस्तक घेऊन परत गॅलरीत बसंन, तोंड वाकडं करून नावं वाचंन. न्हाय आलीस तरी मी काय कमी मानणार न्हाय.

सुनीता रडायला लागली. ऋतू रडणार न्हाय म्हणलीवती, रडली न्हाय. ताट उचललं, धुतलं, आमची दोघांचीपण धुतली. आत जाताना दारात थांबून म्हणली, "एवढं बोलायला तुम्हाला दोन आठवडे लागले, पप्पा."

रागानं म्हणली का प्रेमानं, मी आणि सुनीता अजून वाद घालतोय.

१ जुलै, मंगळवार

आज गजर लावला न्हाय. तरी चारला जाग आलीच, अंगाची खोड. पडून राहिलो. पलीकडच्या खोलीत हालचाल कळत होती. साडेसातला ऋतू आवरून बाहेर आली. बॅग भरलेली. चहा उभ्यानंच घेतला. कुठं, हे सांगितलं न्हाय, आम्ही विचारलं न्हाय. सुनीतानं माझ्याकडं असं बघितलं की जाळंल. गॅलरीतनं बघितलं, गाडी कोपऱ्यावरनं वळली. क्लास तिकडंच, कॉलेजपण तिकडंच.

दुकान. दिवसभर मशीन चाललं, डोकं न्हाय. सुनीताचे फोन. "करा की तिला फोन." न्हाय. "मग मी करतो." करू नको. ती म्हणली, "तुमच्यात आणि तुमच्या वस्तादांत काय फरक न्हाय." मला वाटलं, हाय. थोडा हाय. पर तिला पटवत बसलो न्हाय.

मला काय पाहिजे, हे आज कळलंय, आणि ते लिहितो. मी थांब म्हणालो ते मनापासनं. आणि दिवसभर आतनं वाटतंय, तिनं राग धरून क्लासात जाऊन पहिल्या बाकावर बसावं. लगीच वाटतंय, नको, बी.एस्सी.ला नाव घालून पोरींच्यात हसत उभी असावी. सकाळपासनं हेच चाललंय. वस्तादांचे ते आठ-धा दिवस कसे गेले असतील.

सहा वाजता घरी आलो. चहा गार झाला. आता गाडीचा आवाज आला, जिन्यात पाय वाजले, सुनीतानं दार उघडलं. मी मान वर केली न्हाय, लिहितोय. ऋतू समोर येऊन उभी राहिलीय. पावसात भिजलेल्या बॅगेतनं पाणी गळतंय फरशीवर. म्हणली, "पप्पा, वही मिटा आणि विचारा मला."

मिटतो.